पाच लाख दहा हजार पाचशे दहा

प्रिय दादा,

भाड्याने आणलेली ती खाट आज परत नेली. अण्णांच्या खोलीत आता त्यांची खुर्ची तेवढी उरलीय. तिच्यावरच बसून लिहितेय.

झटक्याने त्यांची वाचा गेली, हे तुला कळवलं होतंच. जन्मभर वर्गात घसा फोडून गणित शिकवलं, आणि आता पाणी हवं असलं की 'खिडकी' म्हणायचे. माझं नाव तर सापडेचना. मला आपलं 'बाई'. वाचा शिकवायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, जुनं, पाठ असलेलं काहीतरी काढून बघा. मला तुझी आणि अण्णांची ती लाडकी संख्या आठवली. फिरायला जाताना तुम्ही दोघं तिचा कीस पाडत पुढे, आणि गणितात ढ असलेली मी मागून फरपटत. पाच लाख दहा हजार पाचशे दहा, एवढं नुसतं म्हटलं, तर त्यांचा उजवा हात पांघरुणाबाहेर आला. "दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा." पहिल्या सात मूळ संख्या, ओळीने, त्यांचा गुणाकार म्हणजेच ती संख्या. ताई टाळ्या वाजवत होत्या आणि मी रडत होते.

मग रोज तेच. पण सतरा झाले की ते विचारत, "शेजारी?" मला वाटलं, शेजारचे काका हवेत. बिचारे बनियनवरच धावत आले. अण्णांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं नापास पोराकडे बघायचे! शेवटी मीच कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि एका संध्याकाळी सापडलं: सातशे चौदा गुणिले सातशे पंधरा, उत्तर तीच संख्या. दोन शेजारी संख्या. सातही मूळ संख्या आपसात वाटून घेतलेल्या, एकही सामाईक नाही. शाळेत असताना तू शोधलं होतंस ना हे? त्या दिवशी त्यांनी तुला खांद्यावर बसवून घरी आणलं, ते मात्र मला लख्ख आठवतंय.

गणित अर्ध्यावर टाकून तू सुतारकाम धरलंस, तेव्हा ते बोलू नये ते बोलले. तूही त्यांचाच मुलगा. आजारपणातसुद्धा तुझं एकच, "त्यांनी बोलावलं तर येईन." ज्याला पाणी मागता येत नाही, तो तुला कसा बोलावणार होता रे?

काल फोनवर तू विचारलंस, "जाताना माझं नाव काढलं का गं?" माझ्याच्याने बोलवेना, म्हणून हे पत्र. काढलं, दादा. त्या संध्याकाळी मी सातशे चौदा, सातशे पंधरा म्हटलं आणि त्यांचा अर्धा चेहरा हसला. त्यांना दिसत फारसं नव्हतंच. हे उत्तर देणारा त्यांना एकच माणूस माहीत होता. माझा हात चाचपत म्हणाले, "गुंड्या? आलास?" माझ्या तोंडून 'आले' निघणार होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, "आलो, अण्णा." त्यांनी माझा हात छातीशी धरला, आणि पहाटे गेले तेव्हाही तो सोडलेला नव्हता.

तुझीच,
छोटी