चारशेचा धूसर, पस्तीसचाही धूसर

६ जानेवारी १९५९, मंगळवार

ही डायरी दोऱ्याच्या व्यापाऱ्याने फुकट दिली. पाच दिवस कोरी ठेवली, कारण पनवेलीत लिहिण्यासारखं आयुष्य फक्त माझं आणि मला वेळ नाही. आज वेळ काढला. डोकं तापलंय.

दिनानाथ फोटोग्राफरने माझं नाक कापलं. दुकानाच्या काचेत लावायला नव्या फॅशनच्या ब्लाउजचा फोटो हवा होता. भाची गोदू उरणहून राहायला आलीय. मशीनवरून ब्लाउज काढला, तो थेट तिच्या अंगावर चढवला आणि तिला स्टुडिओत उभी केली. आज फोटो मिळाला. डावा खांदा उतरलेला, उजवी बाही दोन बोटं आखूड!

दिनानाथ म्हणतो, तुळशीरामशेठ, कॅमेरा असतं तेच दाखवतो. मी म्हणालो, तुझा कॅमेरा तिरळा आहे. बावीस वर्षं लेडीज टेलर आहे मी. कापड बाजारात विचार.

फोटो तिथेच फाडला. पैसे मात्र आधीच दिलेले होते.

संकल्प: स्वतःचा कॅमेरा. परवडणारा, पण फॅशनच्या कामाचा. पनवेलला फॅशन म्हणजे काय ते मीच दाखवणार.

८ जानेवारी

मोठी ऑर्डर. रोडपालीच्या काळूराम पाटलांची बायको भामा आली. मुलगी हौसाचं माघात लग्न. अकरा ब्लाउज, दहा फेब्रुवारीला हवेत. म्हणाली, शिंपीदादा, गोल गला पायजे, फुग्याची बाही पायजे. आमी परत परत यायच्या नाय.

जाता जाता विचारलं, वेणूबाय कवा येनार?

वेणू म्हणजे माझी बायको. शिरढोणला माहेरी गेलीय. मी म्हणालो, संक्रांत झाली की येईल, पण शिवणार मी, तिचं काय काम? भामा म्हणाली, नाय, सहज इचारला.

सहज! बायकांना कामाचं बोलता येत नाही.

१३ जानेवारी, सकाळी ७

काल पहाटेच्या एसटीने ठाण्यामार्गे मुंबईला गेलो. फोर्टात कॅमेऱ्यांचं दुकान. मालक म्हातारा पारशी. मी फॅशन म्हणताच त्याने दोन भिंगांचा कॅमेरा काढला. पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. बघितलं. धूसर. तो म्हणाला, चाकी फिरव. फिरवली. पुढे धूसर, मागे धूसर. किंमत विचारली तर चारशे रुपये! धुकं विकायला बसलाय.

मग भात्याचा, घडी करायचा. त्यावर अंतराचे आकडे. मुंगीच्या पायाएवढे. असे आकडे कोण कोरतं? ग्राहकाला फसवायचं म्हणूनच. त्याच्यातूनही धूसर.

शेवटी साधा डबा कॅमेरा, पस्तीस रुपये. त्यातूनही धूसर. पण इथेच माझी अक्कल कामाला आली. चारशेतही धूसर आणि पस्तीसमध्येही धूसर, तर वरचे तीनशे पासष्ट कशाचे? डबा घेतला.

बांधून देताना पारशी हळूच म्हणाला, डिकरा, चष्मा वापरतोस काय? मी ताडकन सांगितलं, टेलर आहे मी, सुईत दोरा एका झटक्यात ओवतो. (दोन वर्षं वेणू ओवते. पण ती कामाची वाटणी झाली.)

ग्राहकाच्या डोळ्यांवर घसरतो! रोल त्याच्याकडूनच घ्यावा लागला, शेजारचं दुकान बंद होतं.

१४ जानेवारी, संक्रांत

बाजारभर तिळगूळ वाटला, सगळ्यांना गोड बोला सांगितलं. दिनानाथाला दिला नाही.

१५ जानेवारी

वेणू माहेरहून आली. आल्या आल्या कटकट. कॅमेरा कितीला पडला विचारलं. सांगितलं. काही बोलली नाही, त्याचाच मला राग आला. मग विचारलं, भामाताईंचे ब्लाउज कापलेत का? मी म्हणालो, फॅशन घाईत कापता येत नाही. मग विचारलं, इस्त्रीला काही आहे का?

ही तिची जुनी खोड. शिवलेला प्रत्येक नग मी दुपारचा पडलो की आत नेते आणि तास तास इस्त्री करत बसते. एका ब्लाउजला तास! कोळसा काय फुकट येतो? म्हणून आज नियम केला: फॅशनचा माल तिच्या हाती द्यायचा नाही. गोदूसाठी नवा अबोली रंगाचा ब्लाउज शिवलाय, तो कपाटात कुलपात ठेवला. वेणूने दोनदा मागितला. म्हणाली, नुसता हात फिरवते. मी ठाम.

१८ जानेवारी, रविवार

वडाळे तलावावर फॅशन फोटोग्राफी. पनवेलीत पहिलीच.

माणसं जमली. कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. एक म्हातारा विचारतो, पोरगी हरवली का, फोटो कशाला काढता? मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गोदूने वैताग आणला. म्हणे, मामा, उजवा हात वर होत नाही, काखेत काचतं. मी सांगितलं, फॅशनमधल्या बायका हात वर करत नाहीत. म्हणे, डावा खांदा सारखा घसरतोय. मी ओरडलो, नीट उभी राहा, वाकडी तू आहेस! ती रडायला लागली. रडतानाचे दोन काढले, भाव चांगला येतो.

आठ फोटो, रोल संपला. कॅमेऱ्याच्या चौकोनात मला एक अबोली ठिपका तेवढा दिसत होता, पण अनुभवी माणसाला तेवढा पुरतो.

गोदू घरी वेणूच्या गळ्यात पडून रडली. दोघी मला बघून गप्प झाल्या. घरात कट चाललाय.

२० जानेवारी

रोल धुऊन देणारा पनवेलीत एकच, दिनानाथ. हा कसला गाव! तिथेच गेलो. त्याच्याकडे न बघता रोल टेबलावर ठेवला. तो म्हणाला, परवा या. हसला नाही. न हसणं हीसुद्धा एक हसण्याचीच पद्धत असते.

भामाचा निरोप आला, झाले का? सांगून पाठवलं, चालू आहेत. (चालू करायचे आहेत.)

२२ जानेवारी

आठही फोटो आले. दिनानाथने खिडकीपाशी नेऊन जाड भिंग हातात दिलं. लखलखीत! पायरीवरचं शेवाळ, धुण्याचा दगड, गोदूच्या हातातल्या बांगड्या, सगळं. पाचांत गोदूला डोकं नाही. हरकत नाही, फॅशन मानेखाली असते.

पण आठही फोटोंत डावा खांदा उतरलेला. उजवी बाही दोन बोटं आखूड.

मी भडकलो. म्हणालो, तू अंधाऱ्या खोलीत काहीतरी केलंस. तुझ्या दुकानावर पाटी राहू देणार नाही. दिनानाथ शांतपणे म्हणाला, तुळशीरामशेठ, मी वाकडं केलं असेल, तर मागच्या तळ्याच्या पायऱ्या सरळ कशा आल्या?

मी तरातरा निघालो. देवळापर्यंत आल्यावर लक्षात आलं की त्याचं भिंग माझ्याच हातात आहे.

दुपारी ३

दुकान बंद केलं. कपाटातून अबोली ब्लाउज काढला, उन्हात धरला, भिंग लावलं. शिवण पाण्यातल्या सापासारखी गेलीय. मी शिवलेली.

२३ जानेवारी

फोटो वेणूपुढे टाकले. वाटलं होतं ती म्हणेल, कॅमेरा वाईट. तिने एकेक फोटो बघितला आणि गोदूला पाणी आणायला बाहेर पाठवलं. मग म्हणाली, अहो, दोन वर्षं झाली. तुम्ही दुपारी पडता तेव्हा मी बाह्या उसवते आणि परत लावते. खांदे सारखे करते. इस्त्री पाच मिनिटांचीच असते.

मी ओरडलो. दोन वर्षं मला मूर्ख बनवलंस, सांगायला तोंड नव्हतं?

ती म्हणाली, तुम्ही रागावला असता.

मी म्हणालो, मी कधी रागावतो? हे इतक्या मोठ्याने म्हणालो, की समोरचा किराणावाला बाहेर येऊन उभा राहिला.

मग ती रडली. दोन वर्षांत तिला दुपारी एकदाही आडवी झालेली मी पाहिली नव्हती. पाहणार कसा? घोरत होतो.

२७ जानेवारी

भिंग परत केलं. दिनानाथला तिळगूळ दिला. उशिराचा आहे म्हणालो. त्याने तो खाल्ला आणि फोटोचं नाव काढलं नाही. मला आणखी राग यायला हवा होता.

अकरा ब्लाउजांपैकी एकही कापलेला नाही. वेणू कात्री घेऊन पाटावर बसली. मी मशीनचं चाक फिरवतो, कापड ती धरते. दिवसाला एक होतो.

१० फेब्रुवारी

भामा आणि हौसा आल्या. अकराच्या अकरा तयार. हौसाने एक घालून बघितला, दोन्ही हात वर करून गिरकी घेतली. सगळं सरळ.

मी विचार केला, मर्दासारखं कबूल करावं. घसा साफ करून म्हणालो, भामाबाई, तुम्हाला एक सांगायचंय. हे ब्लाउज खरं म्हणजे वेणूने...

भामा म्हणाली, आमाला ठावं हाय.

विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, दोन वरसां झाली की. आख्ख्या रोडपालीला ठावं हाय. वेणूबाय हाय म्हून तर आमी तुमच्याकडं येतो. तुमाला कोन बोलनार? तुमी लगेच वराडता.

मी कोणावर ओरडावं ते बघितलं. दुकानात ओरडण्यासारखं कोणी नव्हतं.

भामाला स्वतःसाठीही एक शिवायचा होता. गळ्यातली टेप काढून वेणूच्या हातात दिली आणि स्टूल सोडून उठलो. ती मापं घेऊन आकडे सांगत होती. मी वहीत लिहीत होतो. मोठ्या अक्षरांत.