एकच बांबू

१५ डिसेंबर, रविवार

पोहण्याचा तलाव बंद! फरश्या उखडून ठेवल्यात. दुरुस्ती म्हणे "महिनाभर". म्हणजे दोन महिने नक्की — मी काय आज जन्मलो? आणि पुण्याची निवड चाचणी ९ फेब्रुवारीला. समुद्र उशाला आणि माझ्या वॉटर पोलोच्या पोरी कोरड्या!

मालिनी पोहे वाढता वाढता म्हणाली, "अहो, मग खाडीत सोडा त्यांना." बायको थट्टा करत होती. मी पोहे अर्धे टाकून काशीराम होडीवाल्याकडे गेलो.

१८ डिसेंबर, बुधवार

खाडी पक्की. भरती भरली की पाणी अर्धा-पाऊण तास स्वस्थ असतं, तेवढा वेळ तो आपला तलाव. काशीरामची होडी, चार टायर, दोर, शिट्टी. पालकांना घरोघर जाऊन पटवलं. एवढी मनधरणी मी स्वतःच्या लग्नातही केली नव्हती.

पोरींना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं — तळाला पाय लावायचा नाही, कशाला धरायचं नाही, दोन्ही पाय ताकातल्या रवीसारखे फिरवत राहायचे आणि हात मोकळे. पाय दमले की खेळ संपला. सगळ्यांत धाकटी दमयंती म्हणाली, "सर, इथे तळ आहे कुठे पाय लावायला?" खरंच की.

२१ डिसेंबर, शनिवार

मनस्विनीच्या अंगावर गांधी उठल्या. खारं पाणी तिला लहानपणापासून सोसत नाही. लेक माझी, तीन वर्षं संघाची गोलकीपर, आणि या वयोगटातलं हे तिचं शेवटचं वर्ष. पावस गावात तिच्या मामाच्या बागेत शेततळं आहे, आंब्याच्या कलमांसाठी साठवलेलं. कॉलेज सुटलं की तिथे जाऊन एकटी पाय मारते. मामा फोनवर म्हणाला, "भावोजी, हिला बघून माझे बेडूक गाव सोडून गेले!"

इकडे गोलात शमिकाला घेतली. खाडीपलीकडच्या वाडीतली, नववीत आहे. बाप मुंबईला, आई राजश्री लोकांच्या बागांत राबते. चालायच्या आधी पोहायला लागली असणार. काय उसळते पोरगी!

४ जानेवारी, शनिवार

शमिकाने आज अकरा चेंडू अडवले. काशीराम होडीतून ओरडला, "सर, पोरगी न्हवं, मासली हाय!"

११ जानेवारी, शनिवार

पुण्याला सातच मुली न्यायच्यात. म्हणजे गोलकीपर एकच. शमिका की मनस्विनी? गावात कुजबुज आहेच — "भास्कर सरांची मुलगी, म्हणजे ठरलेलंच." ठरलेलं? दाखवतो!

एक सरळ बांबू घेतला. त्यावर बोटाबोटाच्या अंतराने पांढरे पट्टे मारले. बांबू पाण्यात उभा बांधायचा, खालची खूण पाण्याला टेकवून. पोरीने पायांच्या जोरावर उसळायचं आणि हात पोचेल तिथे लावायचा. तीन-तीन वेळा. आज होडीला बांधून सगळ्या पोरींची मापं घेतली, वहीत लिहिली. शमिका सगळ्यांच्या वर.

१२ जानेवारी, रविवार

तोच बांबू स्कूटरवर आडवा घालून पावसला नेला. वाटेत तीन माणसं शिव्या देऊन गेली. ते राहू दे. बांबू तोच, मोजणारा तोच, मुलगी स्वतःची असली म्हणून पट्टा खाली-वर केला नाही. तीनदा उसळली. तिन्ही वेळा शमिकापेक्षा दोन बोटं खाली.

जेवताना सांगून टाकलं — गोलकीपरची लाल टोपी शमिकाला. म्हटलं, आता कुणाला बोलायला तोंड राहणार नाही. मनस्विनी काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "बरं." आणि भातावर आमटी मागून घेतली. समजूतदार आहे पोर.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ द्यायला आलेला जो तो तेच. "सर, स्वतःच्या मुलीला बाजूला ठेवलंत! मानलं तुम्हाला." मी "छे छे" म्हणत होतो. छान वाटत होतं, खोटं कशाला लिहू? चार लाडू जास्त खाल्ले.

९ फेब्रुवारी, रविवार. पुणे

वाट लागली. पहिल्या सामन्यात चौदा गोल. प्रत्येक चेंडू शमिकाच्या बोटांच्या वरून! दोन बोटं, तीन बोटं, त्याहून जास्त नाही. मी काठावरून ओरडतोय, "वर ये! अगं वर ये!" आणि ती प्रत्येक गोलानंतर माझ्याकडे बघतेय.

निवड समितीतल्या एकाने विचारलं, "सराव कुठे करता?" मी ताठ मानेने म्हटलं, "खाडीत." तो "अच्छा" म्हणून हसला. मला राग आला.

आमची एकही मुलगी निवडली गेली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

एसटीत शमिका खिडकीकडे तोंड करून बसली होती. कराड मागे पडल्यावर एकदाच बोलली, "सर, माझाच चुकला."

मी काय म्हणालो? "पाय कमी पडले तुझे." लिहून ठेवतो. हे मी बोललो, पंधरा वर्षांच्या पोरीला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तलाव उघडला. नव्या निळ्या फरश्या, तळ दिसतो. सगळ्या आल्या, शमिका नाही. दमयंती म्हणाली, "ती आता पोहणार नाही, सर. परीक्षा झाली की बाबांकडे मुंबईला चाललीय. म्हणते, माझ्यामुळे सगळ्यांचं गेलं."

मनात चिडचिड. म्हटलं, जरा मापं घेऊ. बांबू शिडीला बांधला. दमयंती उसळली — वहीतल्या आकड्यापेक्षा तीन बोटं खाली. दुसरी — तीन बोटं खाली. तिसरी, तेच. मी कडाडलो, "दहा दिवस काय झोपा काढल्यात?" मग मनस्विनी उतरली. बरोबर शेततळ्यातल्याच पट्ट्याला हात! बोटभर इकडे नाही, तिकडे नाही.

शिट्टी तोंडातच राहिली.

खारं पाणी माणसाला उचलून धरतं. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं हे मीच शाळेत मुलांना करून दाखवलंय! बांबू एकच नेला, पण एकीला खाऱ्या पाण्यात मोजली आणि एकीला गोड्या. शमिकाला खाडीने तीन बोटं उसनी दिली होती, आणि मी ती माझी शिकवणी समजून मिरवली. ती काढली तर मनस्विनी एक बोट वर. तेव्हाही होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

एकीचं शेवटचं वर्ष घालवलं आणि दुसरीला तिच्या चुकीचं नसलेलं ओझं देऊन घरी पाठवली. शरम वाटते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काल जायचं होतं. धीर झाला नाही. आज काशीरामच्या होडीतून पलीकडे गेलो. शमिका अंगणात आईबरोबर कुळीथ झोडपत होती. मला बघून घरात पळाली. राजश्रीबाईंनी हाक मारून बाहेर आणली.

उभ्यानेच सगळं सांगितलं. पाय कमी पडले नव्हते, माझी अक्कल कमी पडली. राजश्रीबाई म्हणाल्या, "म्हंजे पोर येवढं रडली ती उगाच?"

"माझ्यापायी रडली," म्हटलं.

शमिका कुळथाच्या शेंगा चिमटीत फोडत होती. म्हणाली, "माका... मला ठावं होतं, सर. खाडीत कोण पण वर येतंय. आमच्या वाडीतल्या बारक्याला पण ठावं हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बांबू बघून येवढे खूश झालात. आणि वाटलं, पुण्याला जायपर्यंत पाय मारून मारून तेवढं भरून काढीन." शेंगांची टरफलं झटकून म्हणाली, "मनस्विनीताईला फोन करून विचारलेलं मी, सरांना सांगू काय. ती म्हणाली, नको."

राजश्रीबाईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला. निघताना म्हटलं, "सोमवारी तलावावर ये. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी ये." ती म्हणाली, "येतंय. पण त्या बांबूला हात नाय लावणार."

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी चहा घेताना मनस्विनीला विचारलं, "तुला केव्हापासून ठाऊक होतं?"

"तुम्ही बांबू घेऊन पावसला आलात, तेव्हापासून."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, मला टोपी हवी म्हणून सांगतेय."

मी म्हटलं, "असं मला कधीच वाटलं नसतं." वाटलं असतं.

ती कप विसळायला उठली. मोरीपाशी गेली, पाठमोरीच म्हणाली, "हवी होतीच, बाबा."