उजव्या बाजूची पट्टी

३ जानेवारी
उजव्या बाजूची पट्टी पुन्हा गेली. काल संध्याकाळी होती. वर वेणूबाईंचा फोटो, खाली ‘या सर्व पाककृती वेणूबाई मडावी यांच्या’, त्याखाली शोधायची चौकट. आज चहा घेऊन बसले तर पट्टी गायब. पान पांढरं फटक आणि मधोमध एकटी सांबारवडी, कोथिंबिरीची. मी केलं काय? ब्लॉगचा हिरवा रंग नको म्हणून निळा घेतला. बस.

नंदिनीला फोन. (भाची, पुण्यात, कॉम्प्युटरवरच पोट.) म्हणाली, “मावशी, थीम बदललीस ना, मग विजेट्स उडणारच.”
उडणारच! चिमण्या आहेत का त्या?

४ जानेवारी
विजेट म्हणजे पट्टीत ठेवायचा एकेक डबा, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. मांडणीच्या पानावर जायचं, डबा धरायचा, ओढायचा, सोडायचा. मी धरते, ओढते, सोडते. तो पार तळाला जाऊन बसतो. पाचव्या वेळी वर बसला, पण पट्टी अरुंद. ‘मडा’ एका ओळीत, ‘वी’ दुसऱ्या. अक्षर लहान केलं तर मुंग्या झाल्या.

चौतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक. ऐंशी मुली प्रार्थनेला एका रांगेत उभ्या करत होते. इथे तीन डबे रांगेत बसेनात.

५ जाने.
भोयर आले. (शेजारी. पाटबंधारेतून निवृत्त. पेपर न्यायला येतात, सल्ला ठेवून जातात.)
“ताई, पाहुण्यांचा आकडा टाका न पट्टीत. किती जण आले ते दिसते. घड्याळ टाका. आजचं तापमान टाका.”
“तापमान मला खिडकीतून कळतं.”
“माझ्या साइटवर पाहा बरं, कशी भरगच्च पट्टी आहे.”
पाहिली. गिरडच्या सहलीचे नऊ फोटो, चार वर्षांपूर्वीचे. पट्टीत घड्याळ आहे. लंडनची वेळ दाखवतं.

७ जाने.
हे सगळं कशासाठी, ते एकदा लिहून ठेवते. नाहीतर डबे हलवता हलवता विसरायची.

गेल्या संक्रांतीला इथल्या महिला मंडळाने हळदीकुंकवाचं वाण म्हणून एक पुस्तिका लुटली. ‘वसतिगृहाची चव’. चाळीस पाककृती. चाळीसच्या चाळीस वेणूबाईंच्या. सव्वीस वर्षं माझ्या वसतिगृहात रांधलं त्यांनी. मुखपृष्ठावर मात्र अध्यक्षबाई, नथ घालून. वेणूबाईंचं नाव कुठे म्हणजे कुठेच नाही. आणि त्या संध्याकाळी त्या होत्या कुठे? अध्यक्षबाईंच्याच स्वयंपाकघरात, आलेल्या बायकांसाठी वडे तळत.

पुस्तिका त्यांच्या सुनेच्या, मंदाच्या हाती लागली. तिने वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी वेणूबाई माझ्या दारात.
“म्याडम, हे तं माह्या हातचं हाय सारं. मंग यात मी काऊन नाई?”
मी मंडळावर तुटून पडले. चोर म्हणाले, निर्लज्ज म्हणाले. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आन् पुढचं पान तं तुमीच लिवलं न?”

प्रस्तावना माझी होती. ‘आमच्या स्वयंपाकघरातून’ असं झोकात लिहिलं होतं. पाककृतींची वहीसुद्धा मीच काढून दिली होती. स्वयंपाकघराचं नाव घेतलं, तिथे उभी असणारी बाई

पुरे.

८ जाने.
काल अर्धवट राहिलं. म्हणून हा ब्लॉग. दिवाळीपासून बावीस प्रकार सांगितले त्यांनी, पुस्तिकेत होते त्याहून नीट, सगळ्या खाणाखुणांसकट. रोडगे मात्र ठेवून घेतलेत. पुस्तिकेतही नाहीत ते. मंडळाला त्यांनी कधी सांगितलेच नव्हते, मलाही नाहीत. कणकेचे चार थर कसे द्यायचे, गोवऱ्यांची आच कधी मोडायची, ते त्यांनाच ठाऊक.

“पह्यले नाव दाखवा. मंग रोडग्याचं सांगतो.”
“प्रत्येक पानावर असेल,” मी म्हटलं. “सगळ्यात वर.” शब्द दिलाय. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, त्यांच्या गावी जायचं ठरलंय. सात दिवस उरले आणि पट्टीत ‘मडा’ वेगळा, ‘वी’ वेगळी.

९ जाने.
नवा उपद्रव. पट्टीच्या माथ्यावर ‘माझ्याविषयी’ नावाचा डबा आपोआप उगवला. त्यात माझा बँकेसाठी काढलेला फोटो. काढला. पुन्हा आला. नंदिनी म्हणते तो मुळातच असतो, आपण लपवायचा.

नागपूरला कॉन्व्हेंटात सिस्टर पत्रलेखन शिकवायच्या. पत्राचा पहिला शब्द ‘मी’ आला की पान फाडायचं आणि नवं घ्यायचं. माझी तीन फाडली होती एका तासात. इथे यंत्रच ‘मी’पासून सुरू होतं आणि फाडता येत नाही.

१० जाने.
दिवसभर तेच. लपवला तर वे.बाईंचा फोटोपण गेला. परत लावला तर आडवा झाला. जेवण पावणेतीनला. कुकर करपला. भोयरांनी भिंतीपलीकडून विचारलं, “ताई, काही जळून राह्यलं का?”
“मी,” म्हटलं.

१२ जाने.
झालं! बसली पट्टी. वर वे.बाई, हातात झारा, कपाळाला आठ्या (फोटो काढताना “लवकर करा, तेल तापलं” म्हणत होत्या, त्या आठ्या). नाव एका ओळीत, ठळक. खाली जुन्या पाककृतींची यादी, मग शोधायची चौकट. माझा फोटो गेला. बावीसच्या बावीस पानं उघडून पाहिली. प्रत्येकावर त्या आहेत.
भोयरांना साक्षीदार म्हणून बोलावलं. “वा ताई! एक नंबर. फक्त घड्याळ...”
दार लावून घेतलं.

१५ जाने., करी
सकाळच्या एसटीने गेले. कॉम्प्युटर काही नेता येत नाही, म्हटलं मंदाचा मोबाइल आहे. माझा आपला बटणांचा, बोलण्यापुरता.

अंगणात रोडगे लागले होते. धूर, गोवऱ्यांचा वास, वांग्याची भाजी रटरटत होती. वे.बाईंनी हात पुसले, चष्मा लावला, बाजेवर माझ्या शेजारी बसल्या. “दाखव वं मंदा.”

मंदाने पान उघडलं. वर ‘सांबारवडी’. त्याच्याखाली, काळ्या अक्षरांत : ‘लेखक : सरोज काळमेघ’.
मी म्हटलं, “उजवीकडे बघ. पट्टी आहे.”
“उजवीकडं काईच नाई म्याडम.”
“असेल, नीट बघ.”
ती बोटाने वर सरकवत राहिली. वडीचा फोटो. साहित्य. कृती. मग वाचकांचे निरोप. ‘सरोजताई, अप्रतिम.’ ‘सरोजताई, तुमच्या हाताला चव आहे.’ मंदाने मोठ्याने वाचले तेही. बिचारीला थांबावं कुठे ते कळेना. मग रिकामी जागा. मग, पार तळाला, झारा घेतलेल्या वे.बाई.
“हाय, हाय! आत्याबाई, तुमी हाय. खाली हाय.”

वे.बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. घडी करून पिशवीत ठेवला.
“पंगतीत बी मी सगळ्याईच्या मांगूनच बसतो,” म्हणाल्या. “सवय हाय मले.”
मग उठल्या. “जेवून घ्या म्याडम. गाडी जाईन तुमची.”

दोन रोडगे वाढले, वरून तुपाची धार. इतके चांगले मी आजवर खाल्ले नव्हते. कसे करतात ते विचारायची छाती झाली नाही.

१६ जाने.
नंदिनी : “मावशी, मोबाइलवर साइडबार खालीच जातो. सगळ्यांचाच. तुला माहीत नव्हतं?”
“मला कोण सांगणार होतं?”
“अगं, आता कॉम्प्युटरवर बघतं कोण?”
मी बघते! एकटी. दहा दिवस एका अशा भिंतीवर तसबीर सरळ करत बसले, जी माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही.

चिडले. नंदिनीवर, यंत्रावर, ते बनवणाऱ्यांवर. संध्याकाळपर्यंत पुरलं. मग उरलं ते एवढंच, की ‘लेखक : सरोज काळमेघ’ ही ओळ काही पट्टीत नव्हती. ती पानावरच होती, दिवाळीपासून. माझ्याही पडद्यावर. रोज डोळ्यांखालून गेली आणि मला त्यात काही खटकलं नाही.

१८ जाने.
पट्टी काढून टाकली. डब्यांसकट. बावीस पानांवर पाककृतीच्या वर, फोटोच्याही वर, हाताने टाइप केलं : वेणूबाई मडावी यांनी सांगितलेली. बावीस वेळा, शिक्षा लिहितात तसं. लेखकाची ओळ जाईना म्हणून नंदिनीला पुन्हा फोन. एका चौकटीतली खूण काढायची होती. एक खूण! इतके दिवस तिथेच होती.

भोयरांचा मोबाइल मागून प्रत्येक पान तपासलं. या वेळी घड्याळाबद्दल बोलले नाहीत.

१९ जाने.
मंदाला फोन केला. बदललंय, आता वरच आहे, दाखव त्यांना.
मागून आवाज आला, “कोन हाय वं?”
“म्याडम हाय.”
मग मागूनच, “म्हना, कनिक मळून राह्यली.”
मंदा म्हणाली, “दाखवतो म्याडम. हात रिकामे झाले का दाखवतो.”

२० जाने.
फोन नाही. कणीक इतका वेळ मळतात का?

२२ जाने.
आंघोळीला गेले तेवढ्यात मंदाचा फोन येऊन गेला. मी लावला, वाजत राहिला. दोनदा.

नवीन पान उघडून ठेवलंय. वर ‘रोडगे’. खाली ‘वेणूबाई मडावी सांगतात’ आणि पुढे कोरं. आठवणीवरून, खाल्ल्या चवीवरून मला अंदाजाने चार ओळी लिहिता येतील. लिहिणार नाही.

यंत्र बंद करताना दर वेळी विचारतं, पान रिकामं आहे, काढून टाकायचं का?
नाही, दाबते.