लाल कागदावरचे सहा आकडे

बोल्सवर्ड, ३ मार्च १९९७

चि. हिस्के हिस डाउवेदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

खुब्याचं हाड जुळू लागलं हे वाचून जीव भांड्यात पडला. झाडावरून उड्या मारायचं वय उलटल्यावर न्हाणीघरात पडून हाड मोडलंस, याला काय म्हणावं!

एक गोष्ट तुझ्यापासून लपवायची होती. पण आता माझं डोकं चालेना. आपला भाऊ येल्ले डिसेंबरात गेला, त्याआधी त्याने शाळेतल्या ‘नावाडी’ कवितेला चाल लावून ती रस्त्यावर चाक फिरवून वाजवायच्या त्याच्या ऑर्गनसाठी बसवली. पाच एप्रिलला, तुझ्या पंच्याहत्तरीला, देव्हेंटरला वृद्धाश्रमात तुझ्या खिडकीखाली वाजवायची असा त्याचा बेत होता. चाल त्याच्या संगणकात आहे. तिथून छापून काढली आणि त्या खुणांवर पुठ्ठ्याला भोकं पाडली की झालं, भोकं सरकतील तसा ऑर्गन वाजतो. पण प्रोग्राम उघडेल तर शपथ!

लोकांनी चोरून नकला करू नयेत म्हणून तो दर वेळी सोबतच्या कागदावरचे सहा आकडे विचारतो, रोज वेगळ्या चौकोनातले. कागद गडद लाल, आकडे काळे. यंत्रावर त्याची नक्कल काढली की सगळं काळं ठिक्कर. त्यातून येल्लेने तो पाच वर्षं शेगडीमागे टांगलेला, म्हणून आणखीच काळवंडलेला. शेजारच्या फोक्येबाईंनी दोन चष्मे एकावर एक चढवून पाहिला आणि म्हणाल्या, हा कागद नव्हे, बीटाची फोड आहे. तीनदा चुकलं की प्रोग्राम तोंड मिटून घेतो. कंपनी कधीच बुडाली, दाद मागायची कुणाकडे?

रिकाम्या ऑर्गनपुढे बसून मी आपला म्हणतो: कालवा गोठला, नाव थांबली, नावाडी गातो तरी. आपला लहानमोठ्यांचा एकत्र वर्ग, ओल्या लोकरी मोज्यांचा वास, सगळं समोर येतं. येत नाहीत ते फक्त सहा आकडे.

आहे तो जीव माझ्यावर तसाच राहू दे.
तुझा डाउवेदादा

देव्हेंटर, ८ मार्च

ती. दादास हिस्केचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले, मग हसले. येल्लेने कधी कुणाची टाचणी उचलली नाही, प्रोग्रामचेही पुरते पैसे मोजले असणार. आणि चोराला अडवायला बसवलेल्या कुलपाने घरच्यालाच अंगणात उभं केलं!

दादा, मोज्यांचा वास आठवतो, मग येल्लेची वही कशी आठवत नाही? बाईंनी लाल पेन्सिलीने मारलेल्या फुल्या तो टॉफीच्या लाल कागदातून बघायचा. फुल्या गायब! मग मला म्हणायचा, बघ हिस्के, माझं एकही गणित चुकलेलं नाही. तुझा लाल कागदही तसाच गायब कर. काळं तेवढं मागे उरेल.

टॉफ्या सगळ्या स्वतः खाऊ नकोस. साखर सांभाळ, आणि बहिणीवरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी हिस्के

बोल्सवर्ड, १६ मार्च

चि. हिस्के हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

जिंकलो! टॉफीच्या कागदातून आकड्यांची चाहूल लागली. पण माझ्या डोळ्यांना अंधारच फार. तेव्हा विचार केला, डोळ्यांपुढे लाल कागद धरण्याऐवजी उजेडच लाल केला तर? परसातल्या अंधाऱ्या खोलीत सायकल उलटी उभी केली. फोक्येबाई हाताने पेडल फिरवू लागल्या, मागचा लाल दिवा पेटला आणि मी त्याखाली कागद धरला. कागद उजळून निघाला आणि त्यावर काळे आकडे मुंग्यांसारखे रांगेत! बाई धापा टाकत म्हणाल्या, लवकर वाचा हो, माझा हात गळून पडेल. आकडे तळहातावर लिहून घेतले आणि धावत संगणकाशी गेलो. धावत म्हणतोय मी, एकोणऐंशीव्या वर्षी! प्रोग्राम निमूटपणे उघडला.

आता वीस मीटर पुठ्ठा आणि येल्लेचं भोकं पाडायचं यंत्र. दिवस थोडे, पण जमवतोच. तुझ्या खाटेवरून फक्त आभाळ दिसतं हे ठाऊक आहे. तू खिडकी तेवढी उघडायला सांग.

माया अशीच असो.
डाउवेदादा

बोल्सवर्ड, ७ एप्रिल

चि. हिस्के हिस अनेक आशीर्वाद.

परवाचा दिवस अजून कानांतून जात नाही. तू वरून ऐकलंस, म्हणून खालचं सांगतो.

एक गोष्ट तुला कळवली नव्हती. भोकं पाडताना तिसऱ्या कडव्यानंतर एक लांबच लांब कोरा पट्टा लागला. एकही खूण नाही. तीनदा छापून पाहिलं, तीनदा कोरा. वाटलं, चाल नासली. प्रोग्रामने जाता जाता सूड उगवला. फोक्येबाई म्हणाल्या, कोरं तर कोरं, अर्धी पोळी काय कडू लागते? तशीच घेऊन निघालो.

ऑर्गन वाजू लागला. खिडक्या उघडल्या, परिचारिका दारात आल्या, पाववाल्याने गाडी थांबवली. तिसरं कडवं संपलं आणि आवाज बंद. मी चाक फिरवतोय, पुठ्ठा नुसता सरसरत पुढे जातोय, माणसं माझ्याकडे बघताहेत. शरमेने मान खाली घातली.

आणि तिसऱ्या मजल्यावरून तुझा आवाज आला. खणखणीत, जरा चिडका. चौथं कडवं! शाळेच्या समारंभात ते नेहमी तूच म्हणायचीस, आम्ही सगळे गप्प राहायचो. तुझा शेवटचा शब्द संपला आणि त्याच क्षणी पुठ्ठ्यावर पुन्हा भोकं सुरू झाली. ऑर्गनच्या सगळ्या शिट्ट्या एकदम बोलल्या.

येल्लेने तुझा श्वाससुद्धा मोजून जागा ठेवली होती ग.

तुझाच,
डाउवेदादा