फेस धरलेली बॅच

७ एप्रिल, मंगळवार

अखेर आज मला एकटीला बॅच दिली! गाड्यांचं सिंथेटिक ऑइल, पाच हजार लिटर. त्यात ऐंशी टक्के नुसतं बेस ऑइल — बाकीचा मसाला. एक रसायन काजळी धरून ठेवतं, एक इंजिनाची झीज थांबवतं, एक ऊन-थंडीत दाटपणा सांभाळतं. ऑइल साठ अंशांवर आणायचं, मग क्रमाने एकेक घालायचं. ढवळायला टाकीवर मल्लप्पा, पंचवीस वर्षं तिथेच आहेत. 'घाई न्हाय करायची अक्का, मुरू द्या त्येला.'

अख्ख्या कारखान्यात माझ्याशी बोलणारं हे एकच माणूस. लॅबमधले तिघे वेगळे जेवतात. वेळापूरहून येऊन सात महिने झाले, अजून कुणी 'बस' म्हणालं नाही.

९ एप्रिल

बॅच नापास. चाचणीत हवा सोडली की फेस येतो, तो बसतच नाही.

का ते मला माहीत आहे. फेस मारणारं औषध सगळ्यात शेवटी, वाटीभरच, आणि रॉकेलमध्ये पातळ करून घालायचं. नाहीतर ते मिसळत नाही. रॉकेल देणारा स्टोअरवाला जेवायला गेला होता. मी थांबले नाही — तसंच ओतलं.

आमचे साहेब सुबोध सर म्हणाले, 'मल्लप्पानं ढवळायला वेळ कमी दिला. वय झालं त्याचं.' मल्लप्पा गप्प. मीही.

१० एप्रिल

मल्लप्पांना घरी बसवलं. 'पुढचं कळवू' म्हणे.

१२ एप्रिल, रविवार

आईचा फोन. 'जेवलीस का?' हो म्हटलं. खोटं. दिवसभर खोलीत पंख्याशिवाय आवाज नाही. मी अजून प्रोबेशनवर. खरं सांगितलं तर काढतील, मग घरी कोणत्या तोंडाने जाऊ? पण मल्लप्पांचं काय? चोर सोडून संन्याशाला सुळी — आणि चोर इथे रोजनिशी लिहीत बसलाय. लाज वाटते मला माझी.

१५ एप्रिल

सकाळी सुबोध सरांना सगळं लिहून दिलं. मला काढलं नाही! 'नवीन आहेस' म्हणाले. मल्लप्पांना उद्यापासून कामावर घेतलंय. हे त्यांना मीच घरी जाऊन सांगणार. आत्ताच निघते.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मल्लप्पांनी दारातच ऐकून घेतलं. 'रॉकेल तुमी काढलंच न्हाय. बॅच बिघडली त्याच दिशी स्टोअरात इचारलं व्हतं मी. तुमी सांगाल म्हनून गप बसलो की. सहा दिस लागले व्हय?'

आत या म्हणाले नाहीत.