मशीनचा पट्टा माझ्याकडे आहे

बाबा,

शिलाई मशीनचा पट्टा शोधू नका, तो माझ्या पर्समध्ये आहे. सकाळी तुमची चप्पल झाडताना तळातून वर आलेली टाचणी दिसली, भोवती रक्त. तुम्ही झोपेत असताना तळवा पाहिला, लालभडक झालाय. आणि काल दिवसभर तुम्ही मशीन चालवत बसलात! "दुखत नाही गं सूनबाई," हे आता मला ऐकवू नका. साखरेने पाय बधिर झालाय, म्हणूनच जखम नकळत चिघळते आणि पाय कापायची पाळी येते. गिऱ्हाइकाचा झगा थांबेल. अनवाणी फिरू नका, घरचे उपाय करू नका. दुपारी सुट्टी काढून गाडी घेऊन येते. रागवायचं असेल तर दवाखान्याच्या वाटेवर पोटभर रागवा, मी ऐकून घेईन.

तुमची आगाऊ सून