अर्धा वाफा हिरवा हवा

२८ मार्च
सामूहिक बागेतल्या माझ्या वाफ्यात पालक, मुळा, शेपू, कोथिंबीर — सगळं पेरून टाकलं. आमचा प्रदेश थंड असला तरी पुस्तकात मार्चअखेर लिहिलंय, म्हणजे मार्चअखेर. शेजारच्या वाफ्यातले निवृत्त पोस्टमन मातीला मनगट लावून बसले होते, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. म्हणाले, "ताई, अजून गार आहे. तीन आठवडे थांबा." यांचं सगळं शास्त्र मनगटात!
नवऱ्यानं पाण्याचे डबे आणून ठेवले. "इथं कडेला मी मटार लावू?" नको म्हटलं. आखणी बिघडते.

१६ एप्रिल
काही उगवलं नाही. उकरून पाहिलं. बिया कुजल्या. पोस्टमन बघत होते, बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

१९ एप्रिल
१ जूनला पाहणी. ज्याचा अर्धा वाफा हिरवा नसेल, त्याचा वाफा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. हा नियम माझाच. गेल्या ऑक्टोबरात नगरपालिकेकडून ही पडीक जागा मिळवली, तेव्हा भर सभेत मीच कडाडले होते — ओसाड वाफा म्हणजे रांगेतल्या माणसाच्या तोंडचा घास! टाळ्या थांबेनात. पाहणीला प्रत्येकानं फक्त आपल्याच वाफ्यातलं शिजवून पातेलं आणायचं, हेही डोकं माझंच.

४ मे
दोन आठवडे स्वयंपाकघराच्या खिडकीत ट्रेमध्ये रोपं वाढवली. काल एकदम सगळी बाहेर लावली. आज सकाळी दव गोठून जमीन पांढरी आणि रोपं आडवी. पोस्टमन म्हणाले, "आधी रोज तासभर हवा दाखवायची, ताई. तान्ह्या पोराला कुणी थेट अंगणात झोपवतं का?"
परत बाळ! या माणसानं किती मुलं वाढवलीत कोण जाणे.

५ मे
चार. विचारलं.

१९ मे
तिसऱ्यांदा लावलेल्या रोपांवर प्लास्टिकचं झाकण होतं. ऊन पडलं की कड उचलायची, एवढंच काम. मी वाचनालयात भाषण देत होते. विषय — माती शिकवते तो संयम. दीड तास बोलले. ऊन कडक पडलं. परत आले तर आत सगळं वाफेवर शिजलेलं.
नवरा दुपारभर तिथंच होता. बाकावर.
"उचललं का नाहीस?"
"हात लावायचा नाही, असं तूच सांगितलंस."
"अरे, पण डोळ्यांदेखत मरत होती!"
"मागच्या वेळी पाणी घातलं तर वीस मिनिटं बोललीस मला."
वीस नव्हती. दहा असतील.

२८ मे
मंडईत पालकाच्या जुड्या बघत उभी राहिले. दोन जुड्या पातेल्यात टाकल्या तर कुणाला कळणार होतं? भाजीवाली म्हणाली, "घ्यायचंय की नुसतं बघायचंय, बाई?" रिकाम्या पिशवीनं परतले. दिवसभर चिडचिड. स्वतःवर, हवामानावर, पुस्तकावर.

१ जून
वाफ्यात जिवंत एकच — पुदिना. तोही हातभर जागेत. पाण्यात मीठ घालून उकळला आणि नेला. इतरांच्या पातेल्यांत मटार, मुळ्याचा पाला, कोवळे पांढरे कांदे. पोस्टमननी माझा पेला शेवटपर्यंत प्यायला. म्हणाले, "मीठ बरोबर पडलंय."
बागेच्या सचिवबाई फूटपट्टी घेऊन आल्या. शाळेत गणित शिकवतात. मोजलं आणि कुजबुजल्या, "ताई, एक अपवाद करू. जागा तुमच्यामुळेच तर मिळाली."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाषण तयार होतं माझ्याकडे — थंड प्रदेशातली शेती, पहिल्या वर्षाचे धडे, दाखले, आकडे. घशापर्यंत आलं होतं.
"यादीतल्या पुढच्याला द्या," म्हटलं. नियम दुसऱ्यांसाठी करणाऱ्यांवर मी आयुष्यभर आग पाखडली. आता कुठल्या तोंडानं सूट मागू?
घरी आल्यावर नखांतली माती ब्रशनं घासून काढली. फार राग आलाय. कुणाचा, ते ठरत नाही.

३ जून
सचिवबाईंनी यादी दाखवली. पुढचं नाव माझ्या नवऱ्याचं. अर्ज गेल्या ऑक्टोबरातला, मला वाफा मिळाल्यानंतर आठच दिवसांनी केलेला. कारणाच्या रकान्यात त्याच्या बारीक अक्षरात — "मला शेती आवडते. घरच्या वाफ्यात जागा नाही."